बिननावाच्या वाऱ्याचा पंचनामा

गेल्या वर्षी वैशाखातल्या एका संध्याकाळी वळवाने आमच्या घरावरचे सात पत्रे नेले. वारा दहा मिनिटंही टिकला नसेल. चार पत्रे मागच्या काजूच्या बागेत सापडले, दोन विजेच्या तारांपाशी अडकले होते, एक अजून मिळालेला नाही. भर पावसात भाताची पोती आतल्या खोलीत ओढत असताना आत्याचा फोन आला. ती कारवारजवळ माजाळीला असते, समुद्र तिच्या अंगणापासून हाकेच्या अंतरावर. "पत्रे आणणार असशील तर आण, पण खिळे ठोकू नको बघ," ती म्हणाली. "हूक घाल. आणि आधी फोटो काढून ठेव, मग हात लाव."

पुढचे दोन महिने मी ज्या ज्या टेबलासमोर उभा राहिलो, तिथे मला तिची ही वाक्यं आठवत राहिली. किनाऱ्यावरच्या माणसांना वादळाने शिकवलं आहे. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते कारवार, गोवा, सिंधुदुर्ग अशा किनाऱ्याला लागून वर सरकलं आणि १७ मेला गुजरातवर धडकलं. त्या वादळाला नाव होतं. त्याची वाट रोज टीव्हीवर दिसत होती, होड्या वर ओढायला वेळ मिळाला, नंतर मंत्री पाहणीला आले. आमच्याकडे खानापूर, बेळगाव, निपाणीच्या पट्ट्यात जो वारा छप्परं नेतो त्याला कुणी नाव ठेवत नाही. तो अर्ध्या गल्लीवरून जातो आणि उरलेल्या अर्ध्या गल्लीत कपडेसुद्धा दोरीवरून पडत नाहीत. आपत्तीतली मदत देण्याची आपली सगळी व्यवस्था नाव असलेल्या संकटांसाठी उभी राहिली आहे. बिननावाच्या वाऱ्यात उघड्या पडलेल्या घराला ती पुरत नाही आणि पुरणारही नाही. अशा घराला विमा हवा, विम्याच्या आधी नीट जखडलेलं छप्पर हवं, आणि पिकासाठी सरकार जसा हप्त्याचा भार उचलतं तसा या दोन्हींसाठी उचलायला हवा, असं माझं ठाम म्हणणं आहे.

आधी छपराबद्दल बोलतो, कारण विम्याची चर्चा करणारे बहुतेक जण छपरावर चढलेले नसतात.

पत्रा आपल्या वजनाने बसून राहतो असं आपल्याला वाटतं. म्हणून आपण त्यावर दगड ठेवतो, वाळूची पोती ठेवतो, जुने टायर टाकतो. हिशेब केला की हा भरवसा टिकत नाही. वाऱ्याच्या दाबाचं सूत्र भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात आहे: वेग सेकंदाला किती मीटर ते घ्यायचं, त्याचा वर्ग करायचा, ०.६ ने गुणायचं. उत्तर दर चौरस मीटरला न्यूटनमध्ये मिळतं. ताशी ६० किलोमीटरच्या झोतात हा दाब चौरस मीटरला सुमारे १७ किलो होतो. दहा फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद पत्र्याला सव्वातीन चौरस मीटर धरले तर एका पत्र्यावर ५५ किलो. पत्र्याचं स्वतःचं वजन पंधरा किलोच्या आसपास. वेग ताशी १०८ किलोमीटर झाला की तोच आकडा पावणेदोनशे किलोंवर जातो, कारण वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. याच मानकात गोवा आणि मंगळूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर धरलेला आहे. असला वारा उतरत्या छपरावरून जाताना पत्र्याला दाबण्यापेक्षा वर ओढतो, आणि ही ओढ वळचणीला, कोपऱ्यांना नि आढ्याजवळ सर्वांत जास्त असते. पुढचा सोपा, म्हणजे ओसरी, तिन्ही बाजूंनी उघडा असेल तर खालून शिरलेला वारा त्यात भर घालतो. आमचे पत्रे सोप्याचेच गेले.

खिळा लाकडात सरळ गेलेला असतो. ओढ लागली की तो आला त्याच वाटेने बाहेर येतो. हूक पाइपला किंवा रिपेला खालून मिठी मारतो आणि वरून नट-वॉशरने आवळला जातो, म्हणून तो सुटायचा तर पत्राच फाटावा लागतो. फरक एवढाच, आणि एका हुकाची किंमत काही रुपये. पण एकटा हूकही पुरत नाही. पत्रा रिपेला, रीप वाशाला, वासा भिंतीवरच्या पाटाला (आडव्या तुळईला) आणि पाट भिंतीला, अशी साखळी जमिनीपर्यंत जायला हवी. आमच्याकडे बहुतेक घरांत पाट भिंतीवर नुसता ठेवलेला असतो. आत्याच्या घरी चिऱ्याच्या भिंतीत लोखंडी पट्ट्या गाडून त्याला बांधून टाकलं आहे, आणि सोप्याचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं ठेवलं आहे, म्हणजे गेलाच तर सोपा जाईल, घर राहील. खारा वारा तिथे लोखंड लवकर खातो. वरून टोपी शाबूत दिसते आणि आत हुकाची मान झिजलेली असते. म्हणून दिवाळीनंतर तिच्या घरचे शिडी लावून एकेक हूक हलवून बघतात. घाटावर मीठ नाही, पण जांबोटी-कणकुंबीकडे चार महिने न सुकणारी ओल आहे. तीही हेच काम करते, जरा सावकाश.

आमची जुनी घरं वाऱ्याला इतकी कच्ची नव्हती. १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि त्या नमुन्याची कौलं सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर गेली. आमच्या खानापूरच्या मातीतही ती भाजली जाऊ लागली. अजूनही तालुक्याची ओळख कौलं आणि विटा हीच आहे. एक कौल सव्वादोन-अडीच किलोचं आणि चौरस मीटरला पंधराएक कौलं, म्हणजे पत्र्याच्या सात-आठ पट वजन. शिवाय कौलांच्या फटींतून हवा खेळते, आतला आणि बाहेरचा दाब थोडा सारखा होतो. त्यात चौपाखी घर, उतरता उतार, चारही बाजूंना वाऱ्याला वाट देणारी पाखी. आज चक्रीवादळाच्या पट्ट्यातल्या घरांसाठी हाच आकार सुचवला जातो. वळचणीच्या ओळीतल्या कौलांना तारेने बांधायला भोकही असतं, आमचे आजोबा ती तार बांधायचे. तरीही कौलांकडे परत जा, असं मी कुणाला सांगणार नाही. वानरांनी आमच्या भागात कौलं ठेवणंच अवघड करून टाकलं आहे. दर वैशाखात शाकारणी करणारी माणसं पुण्याला, गोव्याला गेली. सागवानी वासा परवडत नाही. पत्रा आला तो गरजेने आला, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. दुःख हे आहे की पत्रा आला आणि तो बांधायची विद्या मात्र त्याच्याबरोबर आली नाही. सुताराने कौलांच्या रिपेवर खिळ्याने पत्रा ठोकला आणि आपण त्याला छप्पर म्हणू लागलो.

आता मदतीचं सांगतो. तिसऱ्या दिवशी पंचनामा झाला. आलेला माणूस भला होता, त्याने चहाही घेतला नाही, पुढच्या गावात अजून अकरा घरं बघायची होती. भिंती मातीच्या म्हणून घर कच्चं. भिंती उभ्या म्हणून नुकसान अंशतः. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी केंद्राने ठरवलेले आपत्ती मदतीचे निकष असे होते: किमान १५ टक्के नुकसान झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये, कच्च्या घराला ४,००० रुपये, पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १,२०,००० आणि डोंगरी भागात १,३०,०००. आम्हाला चार हजार मंजूर झाले. तेवढ्यात रंगीत पत्रे येतात तीन. आमचे गेले सात, आणि भिजलेली पोती, फुगलेलं कपाट, जळालेला मिक्सर हे त्या कागदावर कुठे येतच नाही.

मी त्या माणसाला दोष देत नाही, निकषालाही पूर्ण दोष देत नाही. तो निकष मोठ्या पुरात लाखो घरांना थोडं थोडं तातडीने देण्यासाठी बांधलेला आहे. केंद्राच्या त्या यादीत चक्रीवादळ आहे, पूर आहे, गारपीट, ढगफुटी, दरड, दुष्काळ आहे. वळवाचा सोसाटा आपल्या नावाने नाही. राज्यांना आपत्ती निधीतली १० टक्क्यांपर्यंत रक्कम स्थानिक आपत्तींवर खर्चता येते, त्या दारातून तो आत येऊ शकतो. नाव मोठं असलं की मात्र सरकारं निकषाच्या वर जातात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडावर आलं तेव्हा महाराष्ट्राने पूर्ण पडलेल्या घराची तेव्हाची ९५,१०० रुपयांची मदत वाढवून दीड लाख केली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभेने बेळगाव जिल्हा बुडवला तेव्हा कर्नाटकाने पूर्ण पडलेल्या घराला ५ लाख जाहीर केले. ते योग्यच झालं. पण छप्पर गेलेल्या बाईला ते तौक्तेने गेलं की एका बुधवारच्या वळवाने, याने काय फरक पडतो? पाऊस दोन्हीकडे सारखाच आत येतो.

चार हजारांचा खरा तोटा रकमेत नाही. एवढ्या पैशांत माणूस तेच वाकलेले पत्रे ठोकून सरळ करतो, तीच भोकं डांबराने बुजवतो आणि त्याच रिपेवर नवे खिळे मारतो. म्हणजे सरकारचे पैसे पुढच्या वळवात पुन्हा उडून जायला तयार ठेवले जातात. हूक, पट्ट्या, चांगली रीप यांसाठी जादा लागणारी रक्कम फार मोठी नसते. आमच्या साडेचारशे चौरस फुटांच्या छपराला ती नऊ हजारांच्या आत बसली. नेमक्या त्याच वेळी ती हातात नसते.

विमा नाव विचारत नाही. हे मला फार उशिरा कळलं. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना एकाच नमुन्याची घराची पॉलिसी द्यायला लावली आहे. तिचं नाव भारत गृह रक्षा. आग, भूकंप, पूर, दरड यांच्याबरोबर वादळ तिच्यात आहे, आणि त्या वादळाला नाव असलं पाहिजे असं तिच्यात कुठेही लिहिलेलं नाही. घराचा विमा उतरवला की घरातल्या सामानालाही त्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त १० लाखांचं संरक्षण आपोआप मिळतं. घराची किंमत कमी लिहिली गेली म्हणून दाव्याची रक्कम त्या प्रमाणात कापायची, ही जुनी पद्धत तिच्यात नाही. साध्या घराचा वर्षाचा हप्ता शेकड्यांत मोजतात, हजारांत नाही. आमच्या गावात शंभरावर घरं आहेत. या पॉलिसीचं नाव मी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांतल्या एकानेही ऐकलेलं नव्हतं. विमा उतरवलेली दोन घरं निघाली, दोन्ही बँकेच्या कर्जाची. बँकेने आपला पैसा जपायला तो विमा काढायला लावला होता. ज्याने काजू विकून, मुंबईच्या गिरणीतल्या भावाच्या पैशातून, कर्ज न काढता घर बांधलं त्याला कुणी सांगायलाच गेलं नाही.

कच्चं घर हा शब्द इथेही आडवा येतो. महसुलाच्या लेखी आमच्या मातीच्या भिंती कच्च्या. विम्याच्या प्रचलित व्याख्येत कच्चं बांधकाम म्हणजे गवत, बांबू, फळ्या, ताडपत्री यांच्या भिंती किंवा छप्पर. मातीच्या भिंती आणि वर पत्रा किंवा कौल असलेलं घर त्या व्याख्येत कच्चं ठरत नाही. एकच घर एका टेबलावर कच्चं आणि दुसऱ्या टेबलावर पक्कं ठरतं, आणि या फरकाचा फायदा मात्र घरमालकाला कधीच होत नाही, कारण त्याला तो माहीतच नसतो.

त्याच घरमालकाच्या भाताचा विमा मात्र आहे. २०१६ पासून पंतप्रधान पीक विमा योजनेत खरिपाला शेतकरी २ टक्के हप्ता भरतो, उरलेला केंद्र आणि राज्य भरतात. आमच्याकडे संरक्षणे या पोर्टलवर त्याची नोंद होते आणि आमची पोरं मोबाइलवर ती करतात. वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा खात्यातून आपोआप कापला जातो, म्हाताऱ्या माणसांनासुद्धा तो मेसेज ओळखीचा झाला आहे. म्हणजे विमा खेड्यात चालत नाही, लोक हप्ता भरत नाहीत, हे म्हणणं खोटं ठरलेलं आहे. शेतातलं पीक विमा उतरवण्याजोगं आहे, त्या पिकाची पोती ज्या छपराखाली ठेवायची ते छप्पर नाही, हे मला कुणी समजावून सांगावं. आयुर्विमा आणि आरोग्यविम्याच्या वैयक्तिक हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून काढला गेला. घराच्या विम्यावर तो तसाच आहे. तो काढणं ही तर एका बैठकीची गोष्ट आहे.

माझी मागणी अशी. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदीवर असलेल्या प्रत्येक लहान घराचा एकत्र विमा उतरवावा. हप्त्याचा थोडा भाग घरपट्टीबरोबर मालकाने भरावा, मोठा भाग राज्याने आणि केंद्राने. आणि ज्या घराचं छप्पर हुकांनी, पट्ट्यांनी जखडलेलं आहे त्याच्या मालकाचा वाटा माफ करावा. मला या शेवटच्या अटीचं महत्त्व जास्त वाटतं. नुसता विमा दिला आणि छप्पर खिळ्यावरच राहिलं तर कंपनी दोन-तीन वर्षांत हप्ता वाढवेल किंवा निघून जाईल, आणि त्यात तिचं फारसं चुकलं असं मला म्हणता येणार नाही. दर मार्चमध्ये पंचायतीने दोन सुतार, एक वेल्डर हाताशी धरून घरं तपासली तर तेच काम विम्याच्या नोंदीचंही होईल.

वारा होता की नाही हे ठरवायची सोयही आमच्याकडे आहे. कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राने ग्रामपंचायतींत स्वयंचलित पर्जन्यमापकं आणि होबळी (तालुक्याखालचा महसुली भाग) पातळीवर हवामान केंद्रं बसवली आहेत, त्यांत वाऱ्याचा वेगही मोजला जातो. ठराविक वेग ओलांडला की पैसे थेट खात्यात, अशा तऱ्हेचा विमा शक्य आहे. नागालँडने २०२४ मध्ये राज्य पातळीवर आपत्तीसाठी या जातीचा विमा घेतला. पण आमच्या वळवाला एवढ्यावर सोडता येणार नाही. होबळीच्या यंत्रापासून आठ किलोमीटरवर घरं उडालेली असतील आणि यंत्राने वाऱ्याची झुळूकच नोंदवलेली असेल. म्हणून यंत्राचा आकडा किंवा तारीख-वेळ असलेले फोटो आणि पंचायतीचा दाखला, यांतलं काहीही एक पुरावा म्हणून चाललं पाहिजे. आत्याचं "आधी फोटो" मला इथे पुन्हा आठवतं.

काही मित्र म्हणतात, विम्याचं बोललास की सरकार मदतीतून अंग काढून घेईल. ही भीती खोटी नाही. म्हणून मदत काढून विमा द्या असं मी म्हणत नाही. पहिल्या आठवड्याची ताडपत्री, धान्य, चार हजार हे राहिलंच पाहिजे. छप्पर पुन्हा उभं करायची रक्कम तेवढी विम्यातून यावी. दुसरा आक्षेप विमा कंपन्यांच्या दावा नाकारण्याच्या सवयीचा. तो माझ्याही अंगावरचा आहे, मोटारसायकलच्या एका दाव्यात मी वर्षभर हेलपाटे घातले आहेत. पण एकट्याच्या पॉलिसीत माणूस एकटा भांडतो. पंचायतीच्या एकत्र विम्यात साठ घरांचा दावा एकदम उभा राहतो, तो सहजासहजी फेकून देता येत नाही. विमा लोकपालाकडे तक्रार करायला पैसे लागत नाहीत, हेही लोकांना सांगायला हवं.

आणि सांगायचं कुठल्या भाषेत? माझ्या हातातला पंचनामा कन्नडमध्ये होता, आणलेल्या पॉलिसीचा नमुना इंग्रजीत. घरी आईला दोन्ही वाचता येत नाहीत, आणि घर तिच्या नावावर आहे. भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती जिल्ह्यात किंवा तालुक्यात १५ टक्क्यांच्या वर असेल तिथे महत्त्वाचे नियम, सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे तत्त्व केंद्राने फार पूर्वी मान्य केलेलं आहे. सीमाभागातला लढा त्यासाठीही आहे. सर्वोच्च न्यायालयातला २००४ चा दावा चालू आहे, त्याच्या निकालाची वाट आम्ही सगळे बघतो आहोत, आणि २०२३ मध्ये महाराष्ट्राने ८६५ गावांना आपली आरोग्य योजना लागू केली तेव्हा आमच्या लोकांना बरं वाटलं. पण छप्पर निकालापर्यंत थांबत नाही. पुढच्या वळवात कुठल्या राज्याने हप्ता भरला हे पत्रा विचारणार नाही. ज्या राज्याला आम्ही घरपट्टी भरतो त्याने हा विमा द्यावा, आणि त्याचा कागद आईला वाचता येईल अशा मराठीत द्यावा. या दोन मागण्या एकमेकींना काटत नाहीत. आमच्यातले काही कार्यकर्ते दुसरी मागणी मोठ्याने करतात आणि पहिलीकडे वळतच नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

एक अडचण भाषेपेक्षाही जुनी आहे. गावठाणातली कितीतरी घरं अजून वारलेल्या आजोबांच्या, सासऱ्यांच्या नावावर आहेत. चार भावांत वाटणी तोंडी झालेली, चूल वेगळी, उतारा एकच. पंचनाम्याचे पैसे मग वारसांच्या भांडणात अडकतात आणि विमा तर मुळातच निघत नाही. आमच्या शेजारच्या काकूंचं असंच आहे. त्यांच्या पत्र्यांवर अजून दगड आणि दोन टायर आहेत. गेल्या वळवात ते वाचले ते वारा त्यांच्या बाजूने गेला नाही म्हणून. गेल्या आठवड्यात त्यांच्या दिरांना बसवून संमतीपत्रावर सह्या घेतल्या आणि ई-स्वत्तूसाठी, म्हणजे घराच्या ऑनलाइन उताऱ्यासाठी, अर्ज पंचायतीत दिला. उतारा यायला पावसाळा उलटेल. वळवाला मात्र अजून महिना आहे. आमच्या छपराचे उरलेले चाळीस हूक मी बाजूला काढून ठेवले आहेत. रविवारी सुतार आला की काकूंच्या वळचणीपासून सुरुवात करायची आहे.